ओल्या कापडाचे वजन

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या कोल्हापुरात एका नामवंत कलासमीक्षकांचे व्याख्यान झाले. मी शाळेत चित्रकला शिकवतो आणि तीन-चार कादंबऱ्या माझ्या नावावर जमा आहेत, एवढ्या पुण्याईवर मला पुढच्या रांगेत खुर्ची मिळाली. शिक्षणाने मी मॅट्रिक (दहावीला आमच्या घरी अजून मॅट्रिकच म्हणतात) आणि त्यापुढे चित्रकलाशिक्षकाची पदविका, एवढाच. हे आरंभीच सांगून टाकलेले बरे. म्हणजे या लेखाला उत्तर लिहिणारांचे एक वाक्य वाचेल.

व्याख्यान चांगले रंगले. पडद्यावर एकामागून एक चित्रे येत होती, आणि त्यांत धुणे धुणाऱ्या नि इस्त्री करणाऱ्या बायकाच पुष्कळ होत्या. शार्दँची परटीण आली, दोमिएची आली, देगाच्या दोघीजणी आल्या, तुलूझ-लोत्रेकची तांबड्या केसांची आली. सभागृह अगदी शांत झाले. मग वक्त्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि सांगितले की, या चित्रांत धुणे हा विषयच नाही; विषय आहे पांढरा रंग. बाई ही केवळ निमित्त. तिच्या जागी दुधाचा हंडा असता, बर्फाचा डोंगर असता, तरी चित्राला काही उणे पडले नसते. माझ्या शेजारचे गृहस्थ "वाहवा" म्हणाले. त्यांच्या अंगातला सदरा परीटघडीचा होता.

मला हे विधान मान्य नाही. सभ्यपणे मतभेद म्हणून सोडून द्यावे इतके ते निरुपद्रवीही नाही.

पांढरा रंग काढणे अवघड असते, हे मला कुणी सांगावयास नको. आठवीच्या वर्गाला पांढरा रुमाल काढावयास बसवले की निम्मी मुले पेटीत पांढऱ्या रंगाची ट्यूब शोधू लागतात. जलरंगात पांढरा म्हणजे मोकळा ठेवलेला कागद. आपण काढायच्या त्या सावल्या, कुठे निळसर, कुठे करड्या, कुठे शेजारच्या भिंतीचा पिवळा अंगावर घेतलेल्या. हे समजण्यात माणसाची वर्षे जातात. तेव्हा शार्दँने पांढऱ्यापायी जीव आटवला असेल, तर त्याला माझा दंडवत. पण दुधाचा पांढरा, बर्फाचा पांढरा आणि धुण्याचा पांढरा हे तीन निराळे पांढरे आहेत. दूध पांढरेच निघते. हिमालय कुणी धुतलेला नाही. धुण्याचा पांढरा मात्र कुणीतरी केलेला असतो: भिजवून, साबण लावून, चुबकून, आपटून, खळबळून, पिळून, नीळ घालून, खळ देऊन, वाळवून, इस्त्री करून, आणि आठ दिवसांनी तोच पुन्हा करावा लागतो. ज्याला हा फरक दिसत नाही त्याला रंग दिसतो असे मी मानीत नाही.

देगाचीच साक्ष काढू. १८७४ च्या फेब्रुवारीत एदमों द गोंकूर हा लेखक त्याच्या चित्रशाळेत गेला होता आणि घरी येऊन त्याने आपल्या रोजनिशीत भेटीची नोंद केली. देगा त्याला परटिणींची चित्रे दाखवीत होता, आणि दाखवता दाखवता त्यांच्या धंद्यातली भाषा बोलत होता. दाब देऊन मारलेला इस्त्रीचा हात कोणता आणि गोल फिरवलेला कोणता, ते समजावून देत होता. ज्याला बाई केवळ पांढऱ्या रंगाच्या निमित्तापुरती हवी, तो इस्त्रीच्या हातांचे प्रकार पाठ करीत बसेल काय? पुढे १८८४ ते १८८६ च्या सुमारास त्याने काढलेले एक चित्र आज पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे. दोघीजणी मेजापाशी उभ्या. एक जांभई देते आहे, एका हाताने बाटलीची मान धरून. दुसरी दोन्ही हातांनी इस्त्री दाबते आहे: हात ताठ, खांदे वर चढलेले, डोके खाली गेलेले. इस्त्री हाताने फिरवतात अशी आपली समजूत असते. पण ताठ खळीच्या कापडावर ती अंगाच्या भाराने चालवावी लागते. हे देगाला कळले होते. जांभई तर इतकी खरी आहे की चित्र पाहताना आपल्यालाही येते. या चित्रात पांढरा रंग आहे, नाही कोण म्हणतो? पण तो त्या दोघींच्या हाताखालून जातो आहे.

या जातीच्या चित्रांसाठी माझ्यापाशी एक साधी कसोटी आहे, आणि ती मला कुठल्या ग्रंथात मिळालेली नाही. ओले कापड जड असते. चित्रात ते वजन आले आहे की नाही, एवढेच मी पाहतो. या लेखासाठी म्हणून आमच्या विज्ञानाच्या सरांचा ताणकाटा मागून घेतला आणि घरची एक सुती चादर त्यावर टांगली. कोरडी असता पाऊण किलोच्या आसपास भरली. बादलीतून काढून, न पिळता, पुन्हा टांगली, तर अडीच किलोच्या वर. चादर एक. घाटावर अशा किती असतात ते मोजा, आणि मग ती ओली मोट पाठीवर किंवा डोक्यावर घेऊन पायऱ्या चढणाऱ्या माणसाची मान कशी दिसेल, याचा विचार करा. वरच्या खडूच्या चित्रात मान सरळ आणि कमरेला लचक असेल, तर चित्रकाराने मोट उचलून पाहिलेली नाही.

दोमिएने उचलली होती असे नाही, पण त्याने रोज पाहिली होती. तो पॅरिसमध्ये सेन नदीतल्या बेटावर राहत असे, आणि नदीवर धुण्याच्या नावा बांधलेल्या असत. त्या नावांतून धुणे घेऊन बायका काठाच्या दगडी पायऱ्या चढत. राजाचे व्यंगचित्र काढल्याबद्दल १८३२ साली तुरुंगात गेलेला हा माणूस. व्यंगाला त्याच्याकडे काय तोटा? पण १८६३ च्या सुमाराच्या 'परटीण' या चित्रात व्यंग नाही आणि करुणेचा टाहोही नाही. एक जाडजूड बाई, काखेत धुण्याचे गाठोडे, दुसऱ्या हाताला धरलेले लहान मूल. मूल पायरी चढते आहे. पायरी त्याच्या गुडघ्याहून उंच आहे. बाई त्याच्याकडे वाकली आहे, आणि गाठोड्याच्या भाराने उलट्या बाजूला तोललीही आहे. मागे नदीपलीकडची घरे उन्हात पिवळीधमक. बाई सगळी अंधारात. तिला नाकडोळे जवळजवळ नाहीतच. मुलाच्या हातात काय आहे? धुणे बडवायची लाकडी थापी. खेळणे म्हणून दिली असेल, की आईचे दोन्ही हात अडकले म्हणून, कोण जाणे; पण त्या मुलाचा उद्याचा धंदा दोमिएने त्याच्या मुठीत देऊन ठेवला आहे. आता इथे म्हणा पाहू, बाईच्या जागी दुधाचा हंडा!

आणि हीच कसोटी लावली की पुष्कळ नाणावलेली चित्रे खाली बसतात. ग्रूझची १७६१ ची 'परटीण' घ्या. चित्र देखणे आहे, टोपीची झालर आणि पायातला सपाता डोळ्यांत भरण्यासारखा. पण ती पोर घंगाळावर वाकून आपल्याकडे अशी पाहते की, तिचे हात कापड पिळताहेत यावर विश्वास बसत नाही. तिला पाहणारा आहे, म्हणून ती धुते आहे. युरोपात एके काळी परटीण म्हणजे सहज वश होणारी बाई, असा एक समज श्रीमंत घरांतून होता. घरोघरी एकटीने जावे लागणाऱ्या गरीब बाईबद्दल असा समज कुठे नसतो? ग्रूझने त्या समजुतीला साबण लावला.

याउलट कोरियाचा किम होंग-दो पाहा. अठराव्या शतकातला हा चित्रकार. ओढ्यावर बायका धुणे बडवताहेत, एक पिळते आहे, एक मूल जवळ घेऊन केस सारखे करते आहे. आणि वर, खडकाआड, पंख्याने तोंड झाकून एक प्रतिष्ठित गृहस्थ चोरून बघतो आहे. चित्रकाराने बघणाऱ्यालाच चित्रात घालून टाकले! धुण्याच्या चित्रांचा निम्मा इतिहास त्या खडकाआड बसला आहे, असे मला ते चित्र पाहिल्यापासून वाटते.

शार्दँचे मात्र माझे मन अजून ठरत नाही. त्याची 'परटीण' १७३७ साली पॅरिसच्या प्रदर्शनात लागली होती. बाईचे हात घंगाळात आहेत, पण ती भलतीकडेच बघते आहे. पलीकडच्या उघड्या दारातून दुसरी बाई दोरीवर कपडे घालताना दिसते. आणि पुढे बुटक्या आसनावर एक पोर, अंगावर फाटके कपडे, साबणाच्या पाण्याचा फुगा काढीत बसले आहे. दुसऱ्यांचे कपडे धुण्यात आईचा दिवस जातो आणि पोराचे तसेच राहतात, एवढे शार्दँने न बोलता सांगितले आहे. पुढे दीडशे वर्षांनी, १८८६ साली, इंग्लंडात जॉन मिलेने दुसरे एक फुगा काढणारे पोर रंगवले. मखमली अंगरखा, सोनेरी केस. साबणाच्या एका कारखानदाराने ते चित्र विकत घेऊन जाहिरातीला लावले आणि ते घरोघर पोचले. फुगा तोच. घंगाळ गेले, आई गेली. त्या दिवसापासून साबणाची चित्रे धुणारीवाचून निघू लागली ती आजतागायत. हल्लीच्या जाहिरातीत चिखलात लोळून आलेल्या मुलाला पाहून आई हसते. त्या घरात बहुधा नळाला चोवीस तास पाणी असावे.

एका चित्रापुरते व्याख्यात्यांचे म्हणणे मी निम्मे कबूल करतो. बर्थ मोरिझोने १८७५ साली पॅरिसबाहेरच्या मैदानात वाळत घातलेले कपडे रंगवले आहेत. लांबवर पसरलेली दोऱ्यांची रांग, नुसते फटकारे; माणसे कुंचल्याच्या एकेका टोकाएवढी. तिथे उजेड हाच विषय आहे, आणि वाऱ्यावर वाळणाऱ्या कपड्याला वजन नसतेच. डच लोकांचेही तसेच. रॉइसडालच्या हार्लेमच्या चित्रांत आकाशच तीन हिस्से. खाली हिरव्या कुरणात तागाच्या कापडाचे लांब पांढरे पट्टे अंथरलेले. तिथे ते कापड खारात उकळून, ताकात भिजवून उन्हात घालीत आणि त्यावर त्या शहराची श्रीमंती उभी होती. रॉइसडालने ते दुरून काढले, पण खरे काढले. दुरून काढण्याला माझा विरोध नाही. जवळ जाऊन न पाहण्याला आहे.

फार जुन्या काळी हा संकोच नव्हता. इजिप्तमध्ये दुसऱ्या रामसेसच्या अमदानीतल्या इपुई नावाच्या कारागिराच्या थडग्यात धुणे धुणारे पुरुष रंगवलेले आहेत, आणि त्या देशातल्या एका जुन्या लेखात परटाला सुसरीचा शेजारी म्हटले आहे. पाँपेईचे तर नवलच. तिथे एक कापड धुण्याचा कारखाना होता. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेला आणि सापडला. त्यातल्या खांबावर त्या कारखान्यातलेच काम रंगवलेले आहे: हौदात उभे राहून पायांनी कापड तुडवणारी माणसे, कापड घासणारा, कापडाला गंधकाची धुरी देण्याची वेताची टोपली खांद्यावरून नेणारा, कापड दाबण्याचा मोठा चरक. हौदात काय होते? पाण्याबरोबर माणसांचे शिळे मूत्र. त्याने मळ सुटे. त्या मुत्रावर व्हेस्पेशियन बादशहाने कर बसवला होता, हे पुष्कळांना माहीत असते. ज्यांचे पाय त्यात होते त्यांचे कुणी विचारीत नाही. आज तो खांब नेपल्सच्या संग्रहालयात आहे. पण मूळचे ते चित्र जिथे काम चाले तिथेच होते, ही गोष्ट मला मोठी वाटते. काम करणारे मान वर करून आपल्याच कामाकडे बघू शकत होते.

एकोणिसाव्या शतकानंतर चित्रे कुठे गेली ते सांगण्याची गरज नाही, पण एक आकडा सांगतो. व्याख्यानातली ती लोत्रेकची तांबड्या केसांची परटीण, १८८६-८७ सालची, मेजावर हात टेकून खिडकीबाहेर बघणारी. ती नोव्हेंबर २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सव्वादोन कोट डॉलरच्या आसपास गेली. आणि पॅरिसमधल्या ज्या पडक्या इमारतीत पिकासो १९०४ साली राहावयास आला, तिला तिथली मंडळी 'धुण्याची नाव' म्हणत, कारण ती सेनवरच्या नावांसारखी डुगडुगे. त्याच वर्षी त्याने इस्त्री करणारी एक खंगलेली बाई रंगवली. आज 'धुण्याची नाव' म्हटले की जगाला पिकासो आठवतो. धुण्याच्या खऱ्या नावा कुणालाच आठवत नाहीत.

आता आपल्या घरात येऊ. आपल्या लघुचित्रांत मलमल किती सुंदर आहे! आरपार दिसणारी, चुणीदार, शुभ्र. राजे, राण्या, दासी, साधू, सगळ्यांच्या अंगावर कपडा. आणि तो धुतला कुणी, याचा पत्ता चित्रात क्वचित लागतो. भागवताच्या चित्रमालिकांत एक परीट भेटतो तो मथुरेच्या रस्त्यावर, कंसाचे कपडे घेऊन चाललेला, आणि कृष्ण त्याला मारतो म्हणून. झाडावर कपडे लटकलेले दिसतात ते गोपींचे, आणि तेही धुतलेले नव्हेत, चोरलेले. रामकथेतही सीतेवर ठपका ठेवणारा म्हणून लोकांनी परीटच धरला. वाल्मीकीच्या नावावर असलेल्या उत्तरकांडात नुसते नगरातल्या लोकांचे बोलणे आहे, परीट नाही. तो मागाहून आला, आणि कुणी आणला असेल ते उघड आहे. ज्याच्या हाती गावाचे मळके कपडे, त्याच्या तोंडी गावाचे मळके बोलणे.

बंगालातले पटुवे यापेक्षा शहाणे. त्यांच्या मनसादेवीच्या पटांत बेहुला नवऱ्याचे प्रेत तराफ्यावर घालून जाते, आणि तिला घाटावर नेता धोबीण भेटते. ही देवांची धोबीण. म्हणजे देवांचेही कपडे मळतात! नेता पोराचा त्रास नको म्हणून त्याला मारून ठेवते, धुणे उरकते आणि मग पोराला जिवंत करते. बेहुलेला स्वर्गाचा रस्ता सापडतो तो हिच्यामुळे. धुणे आणि पोर एकाच वेळी सांभाळणाऱ्या कुठल्याही बाईला ही कथा विचारा. तिला ती राक्षसी वाटणार नाही.

मग कंपनी सरकारचे साहेब आले. त्यांनी पाटण्याच्या नि तंजावरच्या चित्रकारांकडून हिंदुस्थानातल्या जातीधंद्यांच्या जोड्या काढून घेतल्या: सुतार आणि त्याची बायको, कोष्टी आणि त्याची बायको, परीट आणि त्याची बायको. चित्र स्वच्छ, मोट व्यवस्थित, मागे कोरा कागद. ना घाट, ना पाणी, ना ज्यांचे कपडे ते लोक. फुलपाखरे टाचून ठेवावीत तशी ही माणसे वहीत टाचली. आज मुंबईला महालक्ष्मीच्या पुलावर उभे राहून, १८९० सालापासूनच्या त्या धोबीघाटाचे फोनवर जे फोटो काढले जातात, ते मला याच वहीची पुढची पाने वाटतात. वरून हौदांच्या रांगा, रंगीबेरंगी दोऱ्या, फार छान येते. वरून वजन दिसत नाही.

आमच्या मराठी भाषेने मात्र इमान राखले आहे. 'परीटघडी' म्हणताना कपड्याच्या घडीत परटाचे नाव आपोआप येते. चित्रकलेत हे नाव कुठे आले? गाडगेबाबा (१८७६ ते १९५६) परीट समाजात जन्मले. माझी मुले दर वर्षी त्यांचे चित्र काढतात. डोक्यावर गाडगे, हातात खराटा. ते योग्यच आहे, खराटा त्यांनी स्वतः हाती घेतला होता. पण नदीवरचा देबूजी काढून आणलेले एकही पोर मी इतक्या वर्षांत पाहिले नाही. आणि कोल्हापुराबद्दल तर बोलायलाच नको. या गावाला कलापूर म्हणतात. रंकाळा इथे जितका रंगवला गेला तितका क्वचित दुसरा तलाव रंगवला गेला असेल: संध्यामठ सकाळचा, संध्यामठ सायंकाळचा, संध्यामठ पावसातला. त्याच रंकाळ्यावर एका जागेचे नाव 'धुण्याची चावी' आहे. तिथे पिढ्यान्‌पिढ्या गावाने धुणे धुतले. तिचे एक चांगले चित्र मला कुणी दाखवील तर मी त्याच्या घरी पेढे पोचवीन.

हे सगळे दुसऱ्यांना ऐकवताना माझे स्वतःचे एक पाप लपवून चालणार नाही. माझ्या पहिल्या कादंबरीत पाचवे प्रकरण नदीवर घडते. पहाट, धुके, बायका धुणे धुताहेत आणि मनातल्या गोष्टी एकमेकींना सांगताहेत. त्या प्रकरणाची पत्रे मला आली, सगळी कौतुकाची. आमच्या गल्लीतल्या परीट घरातल्या म्हातारीला नातीने ते प्रकरण वाचून दाखवले. मी कपडे घ्यायला गेलो तेव्हा म्हातारी म्हणाली, "मास्तर, दगडावर धुनं आपटताना गप्पा कुटल्या वो? कापडाचा आवाज, पान्याचा आवाज, आनि दम तरी ऱ्हातोय का बोलाय? गप्पा व्हत्यात त्या वाळत घातल्यावर." मी मान खाली घालून कपडे घेऊन आलो. माझ्या आईने मला लहानपणी नदीवर नेले होते, ओली बादली माझ्याकडून वर वाहून घेतली होती. तरी लिहायला बसलो तेव्हा मला धुकेच आठवले. झोलाने १८७७ च्या आपल्या कादंबरीत परटिणीच्या दुकानात गावाचे मळके कपडे एकेक करून निवडले जाताना दाखवले आहेत, वासासकट. ते मी माझी कादंबरी छापून झाल्यावर वाचले. व्हायचे ते झाले होते.

आता ज्या नातीने ते प्रकरण वाचले तिच्याकडे येतो, कारण हा लेख तिच्यामुळे लिहावा लागला. ती माझ्या वर्गात नववीला आहे. या वर्षी एका संस्थेने शालेय मुलांची चित्रस्पर्धा ठेवली होती. विषय 'माझे घर'. इतर मुलांनी काढायचे तेच काढले: उतरते छप्पर, दारात तुळस, मागे डोंगर. आमच्या कोल्हापुरात फ्लॅटमध्ये राहणारी मुलेसुद्धा उतरते छप्परच काढतात. या मुलीने तिच्या वडिलांचे दुकान काढले. दुकानाच्या मागच्या अर्ध्या खोलीत ते लोक राहतात. चित्रात खिळ्यांना नि दोरीला टांगलेले कपडे आहेत, दुसऱ्यांचे, भिंत झाकून टाकणारे. गणवेश, झब्बे, कुणाची तरी पैठणी. त्या कपड्यांच्या फटीतून पलीकडची चूल आणि आजीचे पाऊल दिसते. पुढे वडील. चेहरा नाही, तो टांगलेल्या सदऱ्याआड गेला आहे. दिसतो एक खांदा, एक हात आणि कोळशाची इस्त्री. खांदा वर चढलेला आहे. त्या पोरीने देगाचे नावही ऐकलेले नव्हते. मी तिला ते चित्र दाखवले नव्हते. ती रोज संध्याकाळी त्या खांद्याच्या मागे बसून अभ्यास करते, एवढेच. कागदाच्या कोपऱ्यात तिने एक कॉलर मोठी करून काढली आहे आणि तिच्यावर बिब्ब्याची खूण. त्यांच्या आजोबांच्या वेळी कुणाचा कपडा कुणाचा हे ओळखण्यासाठी अशा खुणा करीत, आजीने सांगितले म्हणून.

चित्र परत आले. मागे शेरा होता: 'रंगसंगती मलिन. विषयाची निवड कलात्मक नाही.' बक्षीस समारंभाला मी तिला घेऊन गेलो होतो. परीक्षक स्वभावाने प्रेमळ होते, त्यांनी तिला जवळ बोलावून सांगितले, "बाळ, घरातले असे उदास कशाला काढायचे? धोबीघाट काढ ना, वरून. किती रंग येतील!" मुलगी "हो सर" म्हणाली. परतताना बसमध्ये तिने मला विचारले, "सर, पण आमच्यात घाटावर कोणच जात न्हाई आता. कपडे मशिनला धुत्यात, आमच्याकडं नुसती इस्त्री. मग मी वरनं काय काढू?"

हे परीक्षक म्हणजेच आमचे व्याख्याते.

माझा वाद इथे आहे. पॅरिसच्या परटिणीपुढे उभे असता ज्यांना विषय गौण वाटतो, त्यांना कोल्हापूरच्या परटाच्या पोरीपुढे विषयच तेवढा दिसतो. तिथे विषयाला सौंदर्याच्या आड येण्याची मनाई आहे. इथे सौंदर्याला विषयाच्या दारातून आत येण्याची. असे कसे? मर्ढेकरांनी सौंदर्याचे नियम सांगितले: संवाद, विरोध, समतोल. मी ते नियम मानणारा माणूस आहे, वर्गात आकृतिबंध शिकवताना मला त्यांचा रोज उपयोग होतो. त्याच नियमांनी त्या पोरीचे चित्र तपासा. टांगलेल्या कपड्यांच्या उभ्या रेघा आणि त्यांना छेदणारा आडवा हात, हा विरोध आहे की नाही? कोळशाचा तांबडा ठिपका आणि पलीकडच्या चुलीचा तांबडा ठिपका, हा संवाद नाही काय? पण तपासण्यापूर्वीच नाक वर गेले. वास आला बहुधा.

मला कुणी विचारील, तर काय सगळ्या चित्रकारांनी आता धुणेच काढावे, आणि चित्र म्हणजे कामगार खात्याचा अहवाल करावा? मुळीच नाही. शार्दँने अहवाल लिहिलेला नाही. देगा तर गरिबांचा कैवारी म्हणून कधीच प्रसिद्ध नव्हता. स्वभावाने तो तिरसट आणि मतांनी पुष्कळदा कुजका. तरी त्याची परटीण खरी, कारण त्याने तिचा हात नीट पाहिला. दया नको, पाहणे हवे. पिसारोने १८८० साली शेजारची एक धुणारी बाई रंगवली आणि तिचे नाव चित्राला दिले: आई लार्शव्हेक. मला वाटते, एवढेही पुष्कळ झाले. आमच्या चित्रांच्या प्रदर्शनांत 'पाणवठा', 'कष्टकरी', 'श्रमाचे सौंदर्य' अशी नावे मी वाचतो आणि चित्राजवळ जाऊन मान बघतो. बहुतेक वेळा ती सरळच असते.

व्याख्यात्यांना मी एक पत्र पाठवले आहे. त्यात त्यांचे शब्द त्यांना लिहून पाठवले, व्याख्यानातले आणि शेऱ्यातले, एकाखाली एक. दुसरे काही लिहिले नाही. उत्तर अजून नाही. दिवाळीनंतर येईल कदाचित, सणात माणसे कामात असतात. त्या दुकानातही सध्या उभे राहायला जागा नाही. लक्ष्मीपूजनाच्या आधी सगळ्या गल्लीला कपडे हवे असतात, आणि बापलेक रात्री बारापर्यंत जागतात.

चित्र मी शाळेच्या कपाटात ठेवणार होतो, पण तिच्या वडिलांनी मागून घेतले आणि दुकानात भिंतीला लावले. पुढे कपडे टांगलेले असतात, त्यामुळे एरवी दिसत नाही. रविवारी सकाळी घरोघर कपडे पोचते झाले की दिसते.